आई सीरियस

माझी बहीण शिवांजली ताऱ्यांवर काम करते असं सांगितलं, की माणसं लगेच तळहात पुढे करतात. अहो, पत्रिका बघणारी नव्हे, असं मला मग समजवावं लागतं. आपल्या आकाशगंगेच्याही पलीकडे ज्या दीर्घिका आहेत, त्यांत कधी एखादा तारा फुटतो, काही दिवस झगमगतो आणि विझत जातो. तो रोज किती विझला हे ती मोजते. एक रात्र हुकली की हुकली, ती परत मोजता येत नाही. सतरा वर्षं फौजेत काढलेल्या माझ्या डोक्यात एवढंच शिरलं आहे.

आम्ही माण तालुक्यातले. वडील लवकर गेले. आईने, मनुबाईने, शेरडं राखून आम्हा दोघांना वाढवलं. बारावी होताच मी भरती झालो आणि शिवांजली शिकत राहिली. दहिवडी, सातारा, पुणे, मग चार वर्षं जर्मनी. छत्तिशी आली तरी पक्की नोकरी नाही, लग्न नाही. भावकी नावं ठेवायची. आई मात्र म्हणायची, माझी पोरगी वर बघून चालते, पण कधी ठेचकाळली नाही.

फौजींच्या घरात एक युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. सुट्टी मिळेना झाली की घरून तार यायची, 'आई सीरियस, लवकर या'. माझ्यासाठी ती तार शिवांजलीच दहिवडीच्या पोस्टातून करायची. तेव्हा ती नववी-दहावीत होती. मी दोन दिवसांचा प्रवास करून तोंड पाडून घरी यावं, तर आई निवांत भाकरी थापत बसलेली आणि ही कार्टी दारात हसत उभी. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा मी आधी चिडलो आणि मग त्यांच्याबरोबर पोट धरून हसलो.

निवृत्तीनंतर मी माधवनगरला घर केलं आणि आईला तिथे आणलं. गेल्या वर्षी ऑक्टोबरात, एका रविवारी पहाटे, मिरजेच्या दवाखान्यात ती गेली. शिवांजली तेव्हा लडाखला दुर्बिणीवर होती. वर्षभर अर्ज करून तिला आठ रात्री मिळाल्या होत्या आणि नेमका त्याच आठवड्यात एक तारा फुटला होता.

लांबच्या माणसाला मरणाची बातमी फोनवर सरळ सांगायची नाही, अशी आमच्याकडची रीत. वाटेत एकटं माणूस खचतं. म्हणून 'सीरियस आहे' एवढंच म्हणायचं. ऐकणारा काय ते समजतो आणि निघतो. मीही रीत पाळली. रात्रभर जागून ती नुकतीच झोपली होती.

"आई सीरियस हाय, ये," मी म्हणालो.

ती झोपेतच हसली. "माझीच तार मला करतोस व्हय, दादा? खरं सांग, बरी हाय न्हवं?"

मी शेजारी बसलेल्या राहीबाई मावशीकडे पाहिलं. तिने मानेनेच नको म्हटलं. माझ्या तोंडून 'हाय' असं निघून गेलं. मग शुक्रवारी काम संपवून येते म्हणत तिने फोन ठेवला. ती लगेच निघणार असती, तर दोन दिवस आईला बर्फाच्या पेटीत ठेवायचं आमचं ठरलं होतं. शुक्रवारपर्यंत ठेवायला कोणी तयार होईना. दुपारी मी खरं सांगायचं ठरवून पुन्हा फोन लावला, तर तो बंद. दिवस मावळताना मी अग्नी दिला.

सोमवारी तिनेच फोन केला आणि आईला द्यायला सांगितलं. तेव्हा कुठे मी खरं सांगितलं.

"काल तू 'गेली' म्हणला असतास, तर मी आले असते, दादा," ती म्हणाली. "त्वांड तरी बघाया मिळालं असतं."

उरलेल्या रात्री सोडून ती निघाली. बुधवारी पोचली, तोवर आदल्या दिवशी सावडणंही उरकलं होतं. आई दिसली नाही आणि तो तारा अर्धाच मोजून झाला. त्यावर तिला काही लिहिता आलं नाही. ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोसलं असतं. पण ती तेराव्यापर्यंत राहिली, माझ्या पोरांचा अभ्यास घेतला आणि निघून गेली.

आता मी कधीही फोन केला, अगदी दिवाळीच्या सकाळी केला, तरी तिचा पहिला प्रश्न एकच असतो.

"दादा, कोण गेलं?"

कोणी नाही गं, सगळी बरी आहेत, असं मी सांगतो. ती म्हणते, "वहिनीकडं दे फोन."