अर्धं पान

कमलताई गेल्या त्या दिवशी त्यांच्या दुकानात मी मोठ्यानं वाचत होते. शेवटचा आवाज त्यांनी ऐकला तो माझा, असं लोक सांगतात, आणि चांगलं म्हणून सांगतात. पाच आठवडे झाले. शोकसभेत जो उठला तो म्हणाला, "भाग्याचं मरण, पुस्तक ऐकता ऐकता गेल्या." मी मागच्या खुर्चीत बसले होते. तिथं बोलले नाही ते इथं लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेव्हा सजवून काही मिळणार नाही.

दिल्लीच्या मुनिरक्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी ताईंचं मराठी पुस्तकांचं दुकान. चार माणसं उभी राहिली की पाचव्यानं बाहेर थांबायचं, एवढंच. पुढं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, मागं गोष्टींची. वाशीम, बीड, नांदेडकडची पोरं परीक्षेचं पुस्तक मागायला यायची आणि ताई त्यांना मागं ढकलायच्या. "परीक्षा कुठं पळून जात नाही रे, हे वाच आधी." पोरं कुरकुरायची आणि न्यायची. माझे मालक फौजेतून निवृत्त होऊन वारले, तेव्हापासून सुनेच्या टीव्हीला कंटाळून मी तिथं जाऊन बसायची. पुस्तकांसाठी नाही, पंख्यासाठी. ताईंना ते माहीत होतं, आणि तसं त्या तोंडावर बोलायच्या.

शनिवारी चार वाजता स्टुलं मांडून वाचन. एकानं एक पान मोठ्यानं वाचायचं, मग दुसऱ्यानं. नियम एकच. पान संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, वाचणाऱ्याला अडवायचं नाही. पूर्वी एकदा श्रुती नावाची, इथंच दिल्लीत वाढलेली मुलगी वाचताना अडखळली, कुणीतरी हसलं, आणि ती चार महिने आली नाही. ताई तिच्या घरी जाऊन तिला घेऊन आल्या आणि त्या दिवसापासून हा नियम. नियम चांगला होता. मी अजूनही तेच म्हणते.

मी तीन वर्षं नुसती ऐकत होते. मी ओळीखाली बोट धरून वाचते, अक्षर अक्षर जुळवत. पोरांसमोर ते कशाला? ताई टोचायच्या, "इंदूबाई, फौजीची बायको ना तुम्ही? पान काय गोळी घालतंय का?" मी म्हणायची, "तुमची जीभ घालते तेवढी पुरे." शेवटी एका शनिवारी त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर आपटलं. "आज नाही वाचलं तर पंखा बंद."

मी सुरू केलं. पहिल्या चार ओळींत घाम फुटला, पण मग जमायला लागलं. कुणी हसलं नाही. अर्ध्या पानावर मी श्वास घ्यायला वर पाहिलं. ताई डोळे मिटून बसल्या होत्या. त्या नेहमीच तशा ऐकायच्या... पण कपाळ ओलं होतं, आणि उजवा हात डाव्या खांद्यावर घट्ट दाबून धरला होता. मी पाहिलं. दुपारी त्यांनी कचोरी खाल्ली होती, पित्त झालं असेल, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर मला थांबायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी चार माणसांत वाचत होते. शेजारी बसलेल्या नीलेशनंही, त्या परीक्षेच्या पोरांतलाच तो, ताईंचा घाम पाहिला होता. नंतर तो म्हणाला, "आजी, तुमचं पहिलं पान होतं यार... कसं तोडणार?" त्या वेळी मी पुन्हा पानाकडे पाहिलं आणि वाचत राहिले.

पान संपलं. टाळ्या वाजल्या. ताईंनी डोळे उघडले नाहीत.

गाडी मिळाली, रस्ता मिळेना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "थोड़ा पहले ले आते." बाकी त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा मुलगा अनिकेत गुरुग्रामहून आला. दुकान ठेवायचं की बंद करायचं ते त्याला ठरवायचं होतं. आम्ही सगळे होतो. त्यानं मला खुर्ची दिली आणि विचारलं, "काकू, आई शेवटी शांत होती ना?" नीलेश माझ्या कानाशी पुटपुटला, "आजी, हो म्हणा ना." हो म्हटलं असतं तर दुकान राहिलं असतं, बहुतेक. पोरांची तोंडं तेच सांगत होती.

मी म्हटलं, "नाही. तिला घाम आला होता, हात खांद्यावर होता. मी पाहिलं आणि वाचत राहिले."

तो म्हणाला, "किती वेळ?"

"अर्धं पान."

"अर्ध्या पानाला कितीसा वेळ लागतो, काकू?"

"तुला मिनिट लागेल. मला सात-आठ लागतात."

तो उठला आणि गेला. दुकानाची किल्ली न्यायला आला होता, ती टेबलावरच राहिली. विसरला की ठेवली, कुणास ठाऊक. विचारायला फोन करायची कुणाची छाती नाही, माझीही नाही. लेकरानं मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं...

या शनिवारी आम्ही शटर उघडलं. श्रुती वाचत होती. दुसऱ्याच ओळीला नीलेश खोकला. ती थांबली, सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "धूळ आहे, वाच," तो म्हणाला. तिनं वाचलं. मग कुणी स्टूल सरकवलं, ती पुन्हा थांबली. मी जांभई दिली तर तिघं एकदम "आजी?" म्हणाले.

चारला बसलो होतो. अंधार पडायला लागला तरी तिचं एक पान संपलेलं नव्हतं, आणि घाई कर असं तिला कुणी म्हणालं नाही.