मास्तरांचा टाका

दुकान सुनेच्या हाती देऊन मास्तरांनी पलंग धरला. ताप नाही, दुखणं नाही, नुसतं तोंड भिंतीकडे. चाळीस वर्षं लोकांना नीटनेटकं दिसायला लावणारा हा शिंपी दुपार झाली तरी स्वतःचा सदरा बदलेना. पहाटेच झोप मोडायची, घास तोंडातच घोळायचा.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, "हे सौम्य नैराश्य आहे. लगेच गोळ्या नकोत. रोज ठरल्या वेळी एक काम, थोडं चालणं, चार माणसांशी बोलणं. सहा आठवड्यांनी बघू. उतार नसला तर गोळ्यांचा विचार करू."

सुनेच्या मनाला ते लागलं. "बाबा, आराम करा" म्हणत त्यांच्या हातची सुई तिनेच तर काढून घेतली होती. आता रोज दहाला ती एखादा उसवलेला कपडा पुढ्यात ठेवू लागली. मास्तर कुरकुरत टाके घालत. चौथ्या दिवशी त्यांनी आपणहून खुर्ची खिडकीशी ओढली. सुनेने मनातल्या मनात देवाला हात जोडले.

दहाव्या दिवशी मास्तर कोट उलटा करून बघत राहिले.

"सूनबाई, हे अस्तर कुणी उसवलं?"

"जुनं झालं असेल."

"माझा टाका आहे हा. कापड विरेल, टाका सुटायचा नाही. आणि कोट आपल्याच पोराचा."

सून ओशाळली. "मीच ब्लेड लावलं, बाबा. द्यायला उसवलेलं काही उरलं नव्हतं."

मास्तर पलंगावर जाऊन भिंतीकडे वळले. दहा दिवसांची मेहनत पाण्यात. सून तिथेच खाली बसली.

"खरं सांगू? माझी बटणांची काजं वाकडी येतात. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, पण परत येत नाही. चार सदरे तसेच पडलेत."

भिंतीकडूनच आवाज आला, "आण बघू."

तिने सदरा आणला. मास्तर उठून बसले. "ही काजं आहेत की उंदराने कुरतडलंय?"

"तुम्ही शिकवलंत कधी?"

"तू विचारलंस कधी?"

मास्तरांनी चपला शोधल्या. घरात उजेड पुरत नाही म्हणाले, दुकानातच बसू. दुकान दोन गल्ल्या पलीकडे. वाटेत न्हाव्याने हटकलं, "मास्तर, आम्ही तर तुमची आशाच सोडली होती."

"तुझ्यासारख्याच्या हातची शेवटची दाढी नको, म्हणून थांबलो."

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आता कसं वाटतं?"

"एखादा दिवस जड जातो अजून. पण काजं शिकवायला जावंच लागतं."

"सूनबाई मुद्दाम चुकतात की काय?"

"छे," मास्तर म्हणाले, "तिला खरंच येत नाहीत."