तळघरातून आलेला आवाज

कॅनडातल्या आमच्या यॉर्कटनमध्ये घराघरांत, घर उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या बसवणारी व्हर्ना कोस्तियुक तशी शांत बाई, पण म्हाताऱ्या लेस्टरनं तिचाही अंत पाहिला. भट्टीच्या धुराचा पाइप ओसरीखाली काढ, म्हणजे माझ्या मांजराला ऊब मिळेल, असा त्याचा हट्ट.

"अहो, ओसरीवरच तुमची खिडकी आहे. तो विषारी वायू आत शिरला तर सकाळी तुम्हीही उठणार नाही आणि मांजरही!"

"मग खिडकी उघडणारच नाही, पोरी!"

वैतागून व्हर्ना तळघरात गेली आणि गरम हवेच्या पत्र्याच्या नळीत डोकं घालून सांधे तपासू लागली. तिथूनच ओरडली, "लेस्टर, ऐका माझं!"

आवाज नळीतून घुमत वरच्या खोलीत, जमिनीतल्या जाळीतून बाहेर पडला. लेस्टरनं चटकन टोपी काढली.

"मेव्हिस, तू?" मेव्हिस ही त्याची बायको, जाऊन बरीच वर्षं झालेली. "बरं बाई, तू म्हणशील तिथं पाइप!"

पाइप खिडक्यांपासून लांब, मोकळ्या भिंतीतून निघाला. कॉफी पिताना व्हर्नाला राहवेना. "लेस्टर, मघाशी मी ओरडले होते."

"कळलं मला नंतर," तो म्हणाला. "मेव्हिस इतक्या गोडीनं कधी बोललीच नव्हती."