सदाच्या माईकची चेपलेली जाळी

आमच्या भजनी मंडळात माझ्यासारखा आवाज कुणाचाच नाही. म्हणून तर चक्री भजनात माईक हातोहात फिरत आला, की शेजारचा माणूस तो माझ्या मांडीवरनंच पलीकडं देतो. स्वतःचा माईक असला तर कोण पुढं सरकवणार, असा विचार करून मी दुकान गाठलं.

मालकाला म्हणलं, "शंकरभाऊ, पडला-आपटला तरी चालणारा द्या. देवळात गायचंय, घरीपण गायचंय."

त्यांनी तीन-चार माईक मांडले. मी वांगी निवडल्यासारखा एकेक उचलून बघत होतो, तेवढ्यात बाजूला एक जुना माईक दिसला. जाळी चेपलेली, मूठ धरायच्या जागी रंग उडालेला. आतली तुटलेली वायर जोडायला आलेला. आमच्या मंडळातल्या सदाचा.

माझ्या पोटात दुखायला लागलं. समोर कोरे माईक चकाकत होते आणि माझी नजर त्या पोच्यावरनं हलेना. तेवढा रंग उडायला माणसाला किती गावांनी बोलवलं असेल. गाणं संपवून स्टेजवरनं उतरायला निघाला की कुणीतरी "आणखी एक होऊ द्या" म्हणत असेल, मग मूठ परत आवळली जात असेल. मला "आणखी एक" फक्त पंगतीत म्हणतात, तेही जिलेबी वाढताना. पोचा विकत मिळाला असता तर मी तोच घेतला असता.

शेवटी विचारलं, "ह्या सदाच्या माईकाइतका टिकणारा कुठला?"

शंकरभाऊ वायर जोडत म्हणाले, "कुठलाही न्या. तुमच्याकडं सगळेच टिकतील."