मुंदे बघूया

बेंगळुरूच्या सिटी बसमध्ये कंडक्टरकी करण्यात ज्यांचं उभं आयुष्य गेलं, त्या रघुजींच्या तोंडी एक शब्द कायमचा बसला होता. बसमध्ये "मुंदे होगी", म्हणजे पुढे सरका. घरी "मुंदे बघूया", म्हणजे पुढे कधीतरी. हे कन्नड "मुंदे" त्यांच्या घरच्या मराठीत कधी शिरलं, ते कोणालाच सांगता येणार नाही. घराणं शिवकाळाच्याही आधी इकडे येऊन स्थिरावलेलं. तेव्हापासून त्यांच्या मराठीने कन्नडशी सुखाने संसार केला.

त्या शब्दाचा सगळा मारा सोसला तो कमलाबाईंनी. राजाजीनगरच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यामागच्या भिंतीवर, एका जुन्या कॅलेंडरचं चित्र चिकटवलेलं होतं. घाटातल्या राष्ट्रीय उद्यानातलं तळं आणि भोवती गवताळ डोंगर. लग्नानंतर रघुजींनीच ते हौसेने आणलं होतं आणि हे तुला दाखवीन असं कबूलही केलं होतं. मग सुप्रीता झाली, नणंदांची लग्नं आली, डबल ड्यूट्या आल्या. कमलाबाईंनी विषय काढला की उत्तर तयार असायचं. मुंदे बघूया, तळं कुठे पळून जातंय? चित्रातलं निळं पाणी फोडणीच्या डागांनी पिवळट झालं, तरी बाईंनी ते काढलं नाही. बाई चिवट.

रिटायर झाल्यावर जायचं नक्की ठरलं, तर कमलाबाईंचे गुडघे आडवे आले. ते जरा सावरतात तोवर रघुजींचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा हरवायचा, मग गल्ली, मग माणसं. यंदा उगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर, तर कमलाबाईंचं नावही त्यांच्या आठवणीतून गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आता हे असंच उतरत जाणार. कमलाबाईंनी मान डोलावली आणि त्यातलं एक अक्षर मानलं नाही. तळं दाखवलं की ते ओळखतील, आणि तळं ओळखलं की शेजारी कोण उभं आहे तेही ओळखतील, असं त्यांनी मनाशी घट्ट धरून ठेवलं. लेकीला त्यांनी बजावलं, "आता मुंदे-बिंदे काही नको. ह्याच महिन्यात ने आम्हाला."

सुप्रीताने ऑफिसातून रजा काढली आणि दोघांना गाडीत घातलं. घाटाच्या पायथ्याशी मुक्काम करून सकाळी तिघंही वनखात्याच्या फाटकातून आत शिरली.

तळं चित्रापेक्षाही सुंदर निघालं. डोंगरांच्या ओंजळीत स्वच्छ पाणी, वर ढगांची ये-जा. कमलाबाईंनी नवऱ्याचा हात धरून त्यांना काठावर नेलं. चित्राची आठवण करून दिली, कबूल केल्याची, फोडणीच्या डागांचीसुद्धा. रघुजींनी पाण्याकडे पाहिलं, मग घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहिलं, आणि इथे बस किती वेळ थांबणार असं विचारलं. सुप्रीता तोंड फिरवून उगाचच फोटो काढत बसली. पुढे डोंगराआड आणखी एक तळं होतं, लहानसं. तिथेही तेच झालं.

दुपारी ते घळीपाशी पोचले. दोन डोंगरांमध्ये चिरत गेलेली खोल घळ, तळाशी पांढरा ओढा, आणि वर कड्याच्या टोकाला कठडा लावलेली अरुंद जागा. पायऱ्या बघूनच कमलाबाई खाली एका दगडावर टेकल्या. सुप्रीता वडिलांना धरून वर घेऊन गेली. वर कॉलेजच्या पोरापोरींची झुंबड उडाली होती. गर्दी दिसली मात्र, आणि रघुजींचा वाकलेला कणा ताठ झाला. त्यांनी लेकीचा हात सोडवला, कठड्यावर तळहाताने दणादण थापा मारल्या आणि खड्या आवाजात पुकारा केला, "मुंदे होगी, मुंदे होगी."

पुढे दरी होती. पोरं आधी हसली. मग मागच्यांना वाटलं पुढे जागा आहे, आणि ते रेटू लागले. पुढची एक मुलगी कठड्यावर दाबली गेली आणि किंचाळली. कमलाबाईंना खालून सगळं दिसत होतं. उठायला गेल्या तर गुडघ्यांनी दगा दिला. हाका मारल्या, त्या वाऱ्यावर गेल्या. ज्या माणसाने पाऊल पुढे टाकावं म्हणून आयुष्यभर मागे लागल्या, त्याला थांबवायला त्यांच्याजवळ आता काहीही नव्हतं. नुसतं बघत बसायचं होतं.

गार्डने शिट्टी फुंकली आणि गर्दी मागे खेचली. नशीब, कोणाला इजा झाली नाही. अशा माणसाला इथे आणावंच कशाला, म्हणून त्याने सुप्रीताला फैलावर घेतलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. ऐकून घेण्यासारखंच होतं ते.

रघुजी मात्र खुशीत होते. वाटेत भेटेल त्याला तिकीट विचारत ते पायऱ्या उतरले आणि कमलाबाईंसमोर हात पुढे करून उभे राहिले.

"अम्मा, टिकेट."

अम्मा. म्हणजे कोणीतरी परकी बाई. कमलाबाईंना रडू फुटलं आणि चारचौघांत त्या रडल्या. पण समोरचा हात हलेना. शेवटी डोळे पुसून त्यांनी कंडक्टरच्या बायकोला शोभेल असं उत्तर दिलं, "पास आहे."

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून रघुजी शेजारच्या दगडावर निवांत बसले.

गाडी परतीच्या वाटेला लागली. हासन मागे पडलं, ऊन कललं. रस्त्याकडेला एक गावतळं आलं, गढूळ, म्हशी डुंबत असलेलं. रघुजी काचेला नाक लावून ते मागे जाईपर्यंत बघत राहिले. मग वळले.

"कमला," ते म्हणाले, "ते चित्रातलं तळं बघायला जाऊया की गं एकदा. तुला कबूल केलं होतं मी."

सुप्रीताने आरशातून आईकडे पाहिलं आणि गाडीचा वेग आपसूक कमी झाला. दिवसभर ज्या नावासाठी जीव टांगला होता, ते नाव आलं होतं. आत्ताच जाऊन आलो, हे शब्द कमलाबाईंच्या ओठांवर आले. पण नवऱ्याचा चेहरा इतका आशेने भरलेला होता, की ती आशा पुसायची त्यांना हिंमत झाली नाही. त्यांनी रघुजींचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"मुंदे बघूया," त्या म्हणाल्या.