पांढऱ्या साड्यांतली आजी

ओमानमधल्या निम्म्या मराठी माणसांच्या आजी-आजोबांना चेहऱ्याने ओळखणारे एकच गृहस्थ होते, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नाही. मस्कतजवळच्या अल हैलमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे, एसी दुरुस्त करणारे ते कोकणातले काका. कुणी सुट्टीवर गावी निघालं की बाकीचे लोक मसाला, पापड सांगत. काका जुने अल्बम सांगत आणि त्यांतले फोटो स्कॅन करून ठेवत. हार्ड डिस्कला समुद्राची दमट हवा लागू नये म्हणून बुटांच्या खोक्यात येणाऱ्या, ओल शोषणाऱ्या पुड्या ते सगळ्यांकडून गोळा करत. निझवा शहरातल्या एका दुकानदाराने पुड्यांसोबत बूटही घ्या म्हटलं, तर काका त्याला शांतपणे म्हणाले की पायाला नकोत, फोटोंना हव्यात. प्रत्येक फोटोखाली नावं हवीतच, हा त्यांचा हट्ट. ती टाइप करायचं काम माझं, कारण घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, म्हणजे माझं चुकणार नाही अशी त्यांची समजूत. मी चुकायचे, पण सांगायला धीर व्हायचा नाही.

बाबा दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. तिचा एकच फोटो, तोही गावच्या जयंतीतला: विहारासमोर अकरा बायका, सगळ्या पांढऱ्या साड्यांत, डोक्यावर पदर, चेहरे बुरशीने पुसट झालेले. त्यातली एक मोठी करून बाबांनी तरुणपणीच फ्रेम केली होती. ती कशी ओळखली, असं काकांनी विचारलं. बाबा म्हणाले, "सगळ्यांत मायाळू दिसली ती."

"अरे, मग ओळखलीस की निवडलीस?" काका म्हणाले.

बाबा दोन दिवस काकांशी बोलले नाहीत. काकांनी मात्र दर शुक्रवारी गावी फोन लावायला सुरुवात केली. मोबाईलच्या दुकानदाराने चेहरे नवे करून देतो म्हटलं. त्याला त्यांनी हाकललं. बनवलेला चेहरा नको, आहे तेवढाच हवा. पाचव्या शुक्रवारी बाबांची म्हातारी आत्या सापडली. तिच्या नातवाच्या फोनवर आम्ही फोटो पाठवला आणि स्पीकर लावून बसलो.

"काखेत चपला हायेत ना, ती," आत्या म्हणाली. "नव्या व्हत्या. भाईर ठेवायला तयारच न्हवती."

कडेच्या बाईच्या काखेत पदराखाली खरंच फुगवटा होता. फ्रेममधली बाई गावातली शेजारीण, असं आत्यानेच सांगितलं. इतकी वर्षं आपण तिलाच फुलं वाहिली, असं बाबा हळूच म्हणाले. ती फ्रेम उतरवू का, असं मी चाचरत विचारलं. काका म्हणाले, "राहू दे. तिलाही कोणी शोधत असेल." मग नावं टाइप करताना मी पहिल्यांदाच दोनदा तपासलं.

पुढे काका खलास करून, म्हणजे इथली नोकरी संपवून, कायमचे गावी गेले. आजीचा फोटो फ्रेममध्ये काही गेला नाही. कडेचा तिचा चेहरा फारच बारीक आहे, मोठा केला की चौकोनांत फुटतो. म्हणून बाबा तो लहानच ठेवतात, आणि चष्मा काढून फोन अगदी नाकाजवळ नेतात.