झटका मशीनचं प्रमाणपत्र

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही. हातून गुन्हेगार सुटले त्याची खंत मला कमी आहे. या एका माणसाला धरलं, त्याची फार आहे.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीचा भाग तेव्हा माझ्या ठाण्याच्या हद्दीत होता. एके सकाळी श्रीगोंद्याचा एक दुकानदार खबर घेऊन आला. शेताच्या कुंपणाला लावायचं झटका मशीन तो विकत असे. त्यावर छापलेला मंजुरीचा क्रमांक त्याने सहज मोबाईलवर तपासला, तर तो भलत्याच कंपनीच्या पंख्याचा निघाला. उसात रानडुकरं घुसू नयेत म्हणून शेतकरी हे मशीन लावतात. तारेतून क्षणभर झटका बसतो, जनावर पळतं, मरत नाही. पण मशीन सदोष असेल तर माणूस तारेला चिकटून जातो. अशा मृत्यूंचे पंचनामे मी केले होते, त्यामुळे खबर ऐकताच माझं टाळकं सरकलं.

पंच घेऊन आम्ही कारखान्यावर गेलो. कारखाना कसला, पत्र्याचा एक गाळा! पूर्वी वायरमन असलेला चाळिशीचा गृहस्थ आणि त्याची बायको, दोघंच मशीनं जोडत बसली होती. त्याने प्रमाणपत्र निमूट समोर ठेवलं. शिक्का, सही, सगळं झकास. संबंधित कार्यालयाला विचारलं, तर असं प्रमाणपत्र आम्ही दिलेलंच नाही, असं उत्तर आलं. माल जप्त केला, गुन्हा नोंदवला, त्याला अटक केली. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे टेबलावर मशीनं मांडली, मागे त्याला उभं केलं आणि पत्रकारांना बोलावलं. आरोपीच्या तोंडावर बुरखा घालायचा असतो, तोही घातला नाही. 'जिवाशी खेळणारा गजाआड' हा मथळा मीच सुचवला होता.

चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला. "साहेब, मंजुरीचं काम आपल्याला झेपंना. अर्ज कुठं करायचा, कोनत्या लॅबला मशीन द्यायचं, कायबी कळंना. पुन्याचा एजंट म्हनला, मी करतो. त्याला मशीन दिलं, फी दिली. दोन महिन्यांनी कागद आला."

"शहाणपणा नको. तो एजंट तुझाच माणूस."

"न्हाई वो साहेब. आमचं पयलंच मशीन. खोकं दिलं तवा मंडळीनं हळदकुंकू वाहून वरनं नाडा बांधला हुता. तेवढं खोकं तरी बघा की."

मी हसलो. नाडा बांधून गुन्हा मिटत नाही, म्हणालो. तेव्हा आमचे जुने हवालदार हळूच बोलले, "साहेब, कागद इकतच घ्यायचा आसंल तर मशीन कशाला पाठवील?" साधा प्रश्न, पण मुद्द्याचा. "तुम्ही डायरी लिहा," म्हणून मी त्यांना गप्प केलं.

एजंट सापडायला बरेच दिवस गेले. तोवर आमचा माणूस कोठडी भोगून जामिनावर सुटला होता. पुण्यातल्या त्या ऑफिसात टेबलाखाली खोक्यांची चळत होती. त्यातलं एक ओढलं. पुठ्ठ्यावर कुंकू, भोवती नाडा, गाठ जशीच्या तशी. प्रमाणपत्रात मात्र मशीन उघडून तपासलं, तापवलं, पाण्यात धरलं, असं सगळं साग्रसंगीत लिहिलेलं. एजंट लगेच कबूल झाला. एकही खोकं लॅबला गेलं नव्हतं, कागद तो कॉम्प्युटरवर बनवत असे.

कागद खोटा आहे हे शोधायला अक्कल लागत नाही. तो खोटा कुणी केला हे कळेपर्यंत थांबायला लागते, आणि ती मला नोकरी संपत आल्यावर आली.

मी कोर्टात अहवाल दिला, त्याचं नाव आरोपींतून निघालं, माल परत मिळाला. त्याने मशीन या वेळी स्वतः लॅबला नेलं. अर्ज परत यायचा, एखादा कागद कमी निघायचा, हा पुन्हा खेटे घालायचा. मशीन पहिल्याच तपासणीत पास झालं. खरं प्रमाणपत्र आलं. ती बातमी द्यायला मात्र मी कुणाही पत्रकाराला बोलावलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्याच्या गाळ्यावर गेलो. त्याने चहा दिला. त्याची बायको मला पाहून बाहेर निघून गेली, थांबावं तरी का तिने? "इक्री न्हाई साहेब," तो म्हणाला. "महिनाअखेर गाळा सोडतोय." मला राहवलं नाही. त्याला आणि एक मशीन गाडीत घातलं आणि तडक श्रीगोंदा गाठलं. त्याच दुकानदारापुढे प्रमाणपत्र ठेवलं. "हा माणूस निर्दोष आहे. मशीन पास झालंय. मी स्वतः सांगतोय."

दुकानदाराने कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "साहेब, तुमचा शब्द मोठा हाय. पर तवा बी तुमीच सांगितलं हुतं."

परतताना गाडीत तोच मला म्हणाला, "जाऊ द्या साहेब. तुमी आलात, हेच लई झालं."

त्याने मला शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.